अंगावर घेतलेला खेळ

स्वीडनच्या टपाल खात्याने १९९५ साली एक तिकीट काढलं. आइस हॉकीचा एक तरुण खेळाडू बर्फावरून डावीकडे निसटत चालला आहे. अंगाचा सगळा भार त्याच बाजूला झुकलेला, आणि उजवा हात मात्र उलट्या दिशेला, काठीसकट, पार टोकापर्यंत ताणलेला. काठीच्या पात्याशी छोटी काळी चकती. समोर आडवा झालेला गोलरक्षक हात पुरवायची धडपड करतो आहे. पुढच्या क्षणी काय होणार ते चित्रात नाही. पण त्या तिकिटाचं पाकीट ज्याच्या दारात पडलं त्या बहुतेक प्रत्येक स्वीडिश माणसाला ते ठाऊक होतं. खेळाडूचं नाव पीटर फोर्सबर्ग. तिकीट निघालं तेव्हा त्याने पंचविशीही गाठलेली नव्हती.

प्रसंग २७ फेब्रुवारी १९९४चा. नॉर्वेतल्या लिलेहामरला हिवाळी ऑलिंपिकचा शेवटचा दिवस होता आणि आइस हॉकीच्या अंतिम सामन्यात स्वीडनची गाठ कॅनडाशी पडली होती. स्वीडनने तोवर या खेळातली जगज्जेतेपदं मिळवली होती, पण ऑलिंपिकचं सोनं एकदाही नाही. सामना संपायला दोन मिनिटंही उरली नव्हती तेव्हा कॅनडा २-१ असा पुढे होता. मॅग्नुस स्वेन्सनने बरोबरी साधली. जादा वेळेतही कोंडी फुटेना. मग शूटआउट. एका खेळाडूने मधल्या रेषेवरून एकट्याने चकती घेऊन निघायचं, समोर फक्त गोलरक्षक. दोन्हीकडचे पाच-पाच जण झाले तरी २-२. त्यानंतर एकास एक. सातव्या जोडीला फोर्सबर्ग आला.

तो सरळ चालून गेला, डावीकडे वळला आणि आता इथूनच मारणार असा आव आणला. गोलरक्षक कोरी हर्श त्याच्याबरोबर सरकला. त्याला सरकणं भागच होतं. त्याच वेळी फोर्सबर्गने काठीवरचा डावा हात सोडला. शरीर डावीकडे वाहत राहिलं आणि उरलेल्या एका हाताने त्याने चकती मागे ढकलली, जिथून तो स्वतः आधीच निघून गेला होता अशा जागी. हर्शने हात मागे टाकला, पण चकती आत गेली होती. पाठोपाठ आलेल्या पॉल कारियाचा फटका टॉमी सालोने अडवला आणि स्वीडनला सोनं मिळालं.

ही चाल फोर्सबर्गला सुचलेली नव्हती. १९८९च्या जागतिक स्पर्धेत केंट निल्सनने अमेरिकेविरुद्ध ती केली होती, आणि ती पाहणाऱ्या पोरांमध्ये पंधरा वर्षांचा फोर्सबर्गही होता. पुढे त्याने ते मोकळेपणाने सांगितलं. शाळकरी वयात पाहिलेलं कसब पाच वर्षं जवळ बाळगायचं आणि ते बाहेर काढायचं ते कधी, तर साऱ्या देशाचा श्वास अडकलेला असताना. सरावात ही चाल फसली तर लोक हसून सोडून देतात. तिथे फसली असती तर आयुष्यभर पुरली असती. एकाच हातावर काठी म्हणजे चकतीवर जवळजवळ ताबाच नाही. आणि समोरच्याला तसं वाटावं म्हणून तर तो हात सोडायचा.

त्या चित्रातल्या दुसऱ्या माणसाचाही मला विसर पडत नाही. आपली छबी तिकिटावर वापरायला हर्शने नकार दिला, म्हणून चित्रातल्या गोलरक्षकाच्या जर्सीचा रंग बदलला गेला. एकवीस वर्षांचं वय होतं त्याचं. आपल्या पराभवाचा क्षण घरोघरी पोचावा असं त्या वयात कुणाला वाटेल? त्याच सुमारास त्याला ओसीडीने, म्हणजे नको असलेले विचार मनात घोळवत ठेवणाऱ्या मनोविकाराने, गाठलं. कित्येक वर्षं त्याने तो लपवून सोसला आणि २०१७ साली स्वतः लिहून जगासमोर मांडला. आता तो मानसिक आरोग्याविषयी गावोगाव बोलतो. त्या आजाराचा धागा या गोलाशी जोडण्याचा मोह कुणालाही होईल, पण तसा काही आधार नाही. दोन तरुण एका क्षणापुरते समोरासमोर आले होते, आणि दोघांच्याही खऱ्या लढाया त्या बर्फाबाहेर, स्वतःच्या शरीरात आणि मनात, पुढे व्हायच्या होत्या.

त्या गोलाची आणखी एक गंमत अशी की आकडेवारीत तो नाही. शूटआउटमधले गोल खेळाडूच्या खात्यात धरत नाहीत. फोर्सबर्गच्या लिलेहामरच्या नोंदीत दोन गोल आणि सहा असिस्ट आहेत. देशाला सुवर्णपदक देणारा तो गोल त्यात मोजलेला नाही. आणि माझ्या मते ज्या गोलासाठी जग त्याला ओळखतं, तो त्याच्या खेळाचा खरा नमुनाही नाही. शूटआउटमध्ये ढकलायला कुणी नसतं आणि पास द्यायलाही कुणी नसतं. या दोन्ही गोष्टींशिवाय फोर्सबर्ग म्हणजे अर्धाच फोर्सबर्ग.

हा खेळ आपल्याकडे फार कमी पाहिला जातो, म्हणून थोडं थांबून सांगतो. हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद येतात, मैदान येतं. इथे मैदान गोठवलेलं आणि चहूबाजूंनी फळकुटांच्या भिंतींनी बंद केलेलं. बाजूला सहा खेळाडू, त्यांतला एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन फॉरवर्ड. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, पक. खेळाडू इतक्या वेगात असतात की पाऊणएक मिनिट खेळलं की दमून बाकावर येतात आणि दुसरे आत उड्या टाकतात. खेळ थांबत नाही. चकती ज्याच्याजवळ आहे त्याला अंगाने धडक देणं नियमात बसतं. ही धडक चुकवावी कशी, झेलावी कशी आणि ती झेलता झेलता चकती सोबत्यापर्यंत पोचवावी कशी, यात फॉरवर्डचं सगळं कसब. गोल करणाऱ्याला एक पॉइंट मिळतो आणि त्याच्याआधी चकती देणाऱ्या दोघांपर्यंत प्रत्येकी एक. त्याला असिस्ट म्हणतात. गोल आणि असिस्ट यांना तिथे सारखंच मोल आहे ही गोष्ट मला फार आवडते. देणाऱ्याचं नाव नोंदवून ठेवणारा खेळ आहे हा.

उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, फोर्सबर्ग ७०८ सामने खेळला. गोल २४९, असिस्ट ६३६. केलेल्या एका गोलामागे अडीच गोल त्याने दुसऱ्यांना करून दिले.

हे देणं त्याच्या गावापासूनच दिसतं. स्टॉकहोमच्या उत्तरेला पाचशेहून अधिक किलोमीटरवर, बोथनियाच्या आखाताला लागून ओर्नशोल्ड्सविक नावाचं शहर आहे. नाव लांबलचक, म्हणून लोक त्याला नुसतं ओविक म्हणतात. जेमतेम तीस हजार वस्ती, लाकूड आणि कागदाचे उद्योग, मागे जंगल, गावातच डोंगरउतारावर स्की जंपिंगची घसरगुंडी. या किनाऱ्याला उंच किनारा म्हणतात. हिमयुगात हजारो वर्षं हिमाच्या ओझ्याखाली दबलेली इथली जमीन हिम वितळल्यापासून सावकाश वर येते आहे, अजूनही दरवर्षी सुमारे आठ मिलिमीटर. आजोबांच्या वेळची होडी बांधायची जागा नातवाच्या वेळी कोरडी पडलेली असते. गावच्या क्लबचं नाव मोडो. मू आणि डोम्शो या दोन गिरण्यांच्या गावांवरून कंपनीला आणि कंपनीवरून क्लबला आलेलं.

पीटर तिथे २० जुलै १९७३ला जन्मला. दहा दिवसांनी, ३० जुलैला, त्याच शहरात मार्कुस नेस्लुंड जन्मला. दोघं एकाच क्लबात वाढले. १९९३ साली येव्हले इथे वीस वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा झाली. तीत नेस्लुंडने सात सामन्यांत १३ गोल मारले आणि फोर्सबर्गने सात गोल आणि २४ असिस्ट असे ३१ पॉइंट केले. दोन्ही त्या स्पर्धेचे विक्रम. दोन मित्रांचे दोन विक्रम शेजारी शेजारी ठेवले की कोण देत होता आणि कोण घेत होता हे वेगळं सांगावं लागत नाही. सुवर्णपदक तरीही कॅनडाने नेलं.

पीटरचे वडील केंट फोर्सबर्ग प्रशिक्षक. मोडोतही मुलगा त्यांच्या हाताखाली खेळला आणि पुढे राष्ट्रीय संघातही. १९९८ची जागतिक स्पर्धा बापलेकांनी मिळून जिंकली. बापाने प्रशिक्षक असणं किती अवघड असतं हे आपल्याकडच्या तालमींमध्ये आणि गाण्याच्या घरांमध्ये वाढलेल्यांना चांगलंच समजेल. थोडं कौतुक जास्त झालं तर गाव बोलतं, थोडं कमी झालं तर घर बोलतं.

स्वीडिश खेळाडूंकडे उत्तर अमेरिका फार काळ संशयाने पाहत होती. कौशल्य आहे, पण कणा नाही. धक्का बसला की मागे सरतात, असा ठपका. पीटर जन्मला त्याच वर्षी, १९७३च्या शरदात, किरुनाच्या मुलखातला बर्ये साल्मिंग टोरांटोकडून खेळायला गेला आणि त्याने वर्षानुवर्षं हा हिणवणारा ठपका काठ्यांच्या माराबरोबर सोसला. त्या काळात मारहाणीसाठी सर्वांत कुप्रसिद्ध संघ फिलाडेल्फियाचा. साल्मिंग मागे हटला नाही, सतरा हंगाम तो त्या लीगमध्ये टिकला. साल्मिंग गेल्याच्या पुढच्या वर्षी ओविकचाच अँडर्स हेडबर्ग विनिपेगला गेला आणि तिथे त्याने वेगाचा, चकती फिरवत ठेवण्याचा एक नवाच खेळ दाखवला. फोर्सबर्गच्या पिढीला दार उघडं मिळालं ते अशा लोकांनी खांदा लावून ढकलल्यामुळे. १९९१ साली एनएचएलच्या नवोदितांच्या निवडीत त्याला सहाव्या क्रमांकावर निवडलं ते नेमकं त्या फिलाडेल्फियाने.

पण फिलाडेल्फियासाठी खेळण्याआधीच त्याचा सौदा झाला. एरिक लिंड्रोस नावाचा अवाढव्य आणि अफाट गुणी कॅनेडियन मुलगा त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर क्वेबेककडे गेला होता आणि तिथे खेळायला साफ नकार देऊन बसला होता. १९९२च्या जूनमध्ये क्वेबेकने त्याला दोन क्लबांना एकाच वेळी विकलं. प्रकरण लवादाकडे गेलं आणि लिंड्रोस फिलाडेल्फियाला मिळाला. त्याच्या मोबदल्यात क्वेबेकला सहा खेळाडू, पहिल्या फेरीतल्या दोन निवडी आणि दीड कोटी डॉलर. त्या सहांत एक नाव फोर्सबर्गचं होतं. एका माणसाच्या बदल्यात दिलेल्या ढिगातला एक. काळाने तो सौदा पार उलटा करून टाकला. पण त्यात लिंड्रोसला हिणवण्यासारखं काही नाही. तोही खरोखरीच थोर खेळाडू होता आणि डोक्याला बसलेल्या माराने त्याचीही कारकीर्द तोकडी झाली.

फोर्सबर्ग लगेच गेला नाही. १९९४पर्यंत तो मोडोतच राहिला. पिकल्याशिवाय झाडावरून उतरायचं नाही हा शहाणपणा त्याचा की वडिलांचा, कोण जाणे, पण गेला तो पुरता तयार होऊन. लीगमधल्या टाळेबंदीमुळे हंगाम उशिरा, १९९५च्या जानेवारीत, सुरू झाला; ४७ सामन्यांत ५० पॉइंट करून तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याच उन्हाळ्यात क्वेबेकचा अख्खा संघ विकला जाऊन डेन्व्हरला गेला आणि कोलोरॅडो ॲव्हलँच झाला. पहिल्याच वर्षी, १९९६ला, त्यांनी लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कप जिंकला. त्या हंगामात फोर्सबर्गचे ११६ पॉइंट होते, त्यांतले ८६ असिस्ट. अंतिम फेरीत फ्लोरिडाविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात पहिल्या वीस मिनिटांतच त्याने तीन गोल मारले. हवं तेव्हा गोल मारता येत नव्हते असं नाही, हे एवढ्यासाठी सांगितलं.

आता तो खेळायचा कसा ते सांगायला हवं. या साऱ्या लिहिण्यामागे तेच कारण आहे. तो सहा फुटांचा, भरीव अंगाचा. चकती त्याच्याकडे आली की तो बचावपटूंकडे पाठ करून, बुड मागे टाकून, भिंतीलगत उभा राहायचा. दोन-दोन बचावपटू त्याच्यावर आदळायचे. आपल्या कबड्डीत चढाईवाल्याला तिघं-चौघं बिलगलेले असतात आणि तो त्यांना ओढत ओढत मध्यरेषेकडे हात लांबवतो, तेव्हा त्याच्या पाठीत आणि मांड्यांत जी ताकद दिसते ती फोर्सबर्गकडे होती. फरक एवढा की त्याचा हात रेषेकडे नसायचा. अंगावरच्या दोघांनी जी जागा मोकळी सोडलेली असायची, तिथे कुठे कोण सोबती पोचणार आहे हे त्याला मानेमागूनही कळायचं, आणि चकती तिथे जायची. दोघांना अंगावर घेतलं की बर्फावर कुठेतरी आपला एक माणूस मोकळा असणारच; हा हिशेब त्याच्या अंगात भिनला होता.

आणि एवढ्यावर तो थांबत नसे. धडक द्यायला येणाऱ्याला, तो अगदी टेकायच्या आत, हाच उलटा खांदा द्यायचा. चकती असलेल्या माणसाने धडकणाऱ्यालाच पाडायचं! स्वीडिश लोकांना कणा नाही म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर साल्मिंगनंतर कुणी दिलं नाही. लीगमधले बचावपटू त्याच्याजवळ जाताना क्षणभर विचार करायला लागले आणि तेवढ्या क्षणात पास निघून गेलेला असायचा.

पण शरीर हे सगळं लिहून ठेवत असतं. ब्याऐंशी सामन्यांचा संपूर्ण हंगाम तो आयुष्यात एकदाच खेळला, त्या १९९५-९६ला. त्यानंतर ६५, ७२, ७८, ४९, ७३. खांदा, मांडीचे स्नायू, जांघ, डोक्याला मार. मे २००१मध्ये लॉस एंजेलिसविरुद्धचा सातवा निर्णायक सामना कोलोरॅडोने जिंकला. त्या रात्री जेवायला गेलेल्या फोर्सबर्गच्या पोटात असह्य कळ आली. प्लीहा फुटली होती. रातोरात शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. एक महिन्याने त्याच्या संघाने पुन्हा स्टॅन्ली कप जिंकला, बावीस हंगाम वाट पाहिलेल्या रे बोर्कने तो डोक्यावर उचलला, आणि फोर्सबर्ग बर्फाबाहेर होता.

पुढचा सगळा हंगाम तो खेळलाच नाही. शरीर दुरुस्त करायला घेतलेली एक वर्षाची सुट्टी. २००२च्या एप्रिलमध्ये, बाद फेरी सुरू झाल्यावर, एकही सराव सामना नसताना तो परतला. वर्षभर न खेळलेला माणूस हंगामातल्या सर्वांत कडव्या सामन्यांत उतरतो आणि २० सामन्यांत २७ पॉइंट करून त्या संपूर्ण बाद फेरीत सर्वांच्या पुढे राहतो. त्याचा संघ अंतिम फेरीला न पोचताही. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. इतकं म्हणता येईल की त्याचं बळ वेगावर किंवा दमसासावर उभं नव्हतं. ते पाहण्यावर उभं होतं, आणि पाहणं बाकावर बसूनही गंजत नाही.

२००२-०३ हे त्याच्या कारकिर्दीतलं सर्वांत भरलेलं वर्ष. बाजूला ॲलेक्स तांगे आणि मिलान हेडुक. हेडुकने त्या वर्षी ५० गोल मारून लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. ते कुणाच्या काठीवरून आले असतील हे सांगायला नको. पॉइंटांच्या शर्यतीत फोर्सबर्गच्या पुढे एकच माणूस होता, व्हँकूव्हरकडून खेळणारा मार्कुस नेस्लुंड. ओविकमध्ये दहा दिवसांच्या अंतराने जन्मलेले दोघं जगातल्या सर्वांत मोठ्या लीगच्या सर्वोच्च पदासाठी हंगामाच्या अखेरच्या दिवसापर्यंत झुंजले. अखेरीस फोर्सबर्ग १०६, नेस्लुंड १०४. फोर्सबर्गला सर्वाधिक पॉइंटांचा आर्ट रॉस आणि सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट हे दोन्ही चषक मिळाले. दोन्ही मिळवणारा तो पहिला स्वीडिश. नंतर २०१० आणि २०११ला हेन्रिक आणि डॅनियल सेदीन या जुळ्या भावांनी आर्ट रॉस मिळवला, हेन्रिकने हार्टही. तेही ओविकचेच, मोडोचेच. तीस हजारांच्या त्या गावात शनिवार-रविवारच्या संध्याकाळी लहान पोरांना काय शिकवत असतील याचं कुतूहल मला कायम वाटतं. एक मात्र दिसतं: सेदीन बंधूंचा खेळही देण्याघेण्याचाच होता, एकमेकांना न बघता.

आणि मग पाय. उजवं पाऊल स्केटच्या बुटात नीट बसेना, घोटा आत कलंडू लागला. स्केटिंगमध्ये सारी ताकद पात्याच्या धारेवरून बर्फात उतरते. पाऊल बुटात एवढंसं हललं तरी धार सरकते आणि वळणावर माणूस आपल्या पायांवर विश्वास ठेवू शकत नाही. शस्त्रक्रिया झाल्या. किती बूट बनवले, बदलले, तापवून, ठोकून, भरून पाहिले. ज्याला दोन बचावपटू हलवू शकत नव्हते, त्याला स्वतःचा घोटा हलवू लागला. क्रॉक्स नावाच्या भोकाभोकांच्या मऊ चपला स्वीडनमध्ये विकण्याच्या धंद्यात त्याची भागीदारी होती. त्याचं टोपणनाव फोप्पा, त्यामुळे तिथे आजही लोक त्या चपलांना फोप्पाच्या चपला म्हणतात. ज्याच्या पायाला एक बूट धड मिळाला नाही त्याचं नाव घराघरातल्या पायांत आहे.

२००५ला तो फिलाडेल्फियाला गेला, चौदा वर्षांपूर्वी ज्यांनी निवडून सोडून दिलं होतं त्यांच्याकडे, आणि कप्तानही झाला. तिथून नॅशव्हिल. मग २००८ला पुन्हा कोलोरॅडो. नऊ सामने, चौदा पॉइंट. म्हणजे उतरणीवरही सामन्याला दीड पॉइंट! मग मोडो. मग २०११च्या फेब्रुवारीत, सदतिसाव्या वर्षी, पुन्हा एकदा डेन्व्हरचा करार. दोन सामने खेळला आणि १४ फेब्रुवारीला थांबला. त्या ऑक्टोबरमध्ये कोलोरॅडोने त्याचा २१ क्रमांक कायमचा निवृत्त केला. २०१४ला तो हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

त्याच्याविषयी बोलणारे लोक बहुधा इथे येऊन उसासा सोडतात. पाय साथ देता तर. प्लीहा न फुटती तर. जरा जपून खेळता, भिंतीलगत उभं राहून दोघादोघांना अंगावर न घेता, तर आणखी पाचशे सामने, आणखी सहाशे पॉइंट. मला हा जर-तर पटत नाही. पाय ही जन्मजात ठेवण, ते दुर्दैव समजू शकतो. पण बाकीच्या दुखण्यांना त्याच्या खेळापासून वेगळं काढता येत नाही. जो धक्का त्याचा खांदा निखळवत होता तोच धक्का त्याच्या सोबत्याला मोकळं करत होता. मार चुकवणारा फोर्सबर्ग अधिक काळ खेळला असता हे खरं, पण मग दोन बचावपटू त्याच्याकडे कशाला धावले असते, आणि ते धावले नसते तर हेडुकसमोरचा बर्फ रिकामा कसा झाला असता? त्या ६३६ असिस्टांची किंमत त्याने रोख मोजली. सामन्याला सरासरी सव्वा पॉइंट. इतक्या उंचीवर फार थोडी माणसं पोचली आहेत, आणि बहुतेकांनी ती पूर्ण शरीरानिशी गाठली.

त्याचा एकच सामना पुन्हा बघायला मिळणार असेल तर मी २६ फेब्रुवारी २००६चा मागेन. इटलीतलं ट्युरिन, ऑलिंपिकचा अंतिम सामना, समोर शेजारचा फिनलंड. या वेळी लीगमधले सगळे दिग्गज हजर. फोर्सबर्ग जांघेच्या दुखापतीने सुरुवातीच्या सामन्यांना मुकला होता, त्याला खेळवावं की नाही यावर स्वीडनमध्ये भवति न भवति झाली होती. दोन सत्रांअखेर २-२. तिसऱ्या सत्राची चकती पडली. स्वीडनचा सुंदीन, फोर्सबर्ग, आणि मागून आलेला निक्लास लिडस्ट्रम. लिडस्ट्रमने निळ्या रेषेजवळून काठी उगारून सणसणीत फटका मारला. सत्र सुरू होऊन दहा सेकंद झाले होते. शेवटच्या अर्ध्या मिनिटात ओली योकिनेनचा फटका हेन्रिक लुंडक्विस्टने अडवला आणि स्वीडनला दुसरं ऑलिंपिक सोनं मिळालं.

त्या स्पर्धेत फोर्सबर्ग सहा सामने खेळला. त्याच्या नावावर एकही गोल नाही. असिस्ट सहा, आणि त्यांतला एक लिडस्ट्रमच्या त्या गोलावर.